नारळ उभा राहिला म्हणून पाणी?

ताई,

मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात राहते. इतिहासात एम.ए. झालंय, सध्या प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी करते आहे. पहिल्या पेपरात तर्कदोष आणि हेत्वाभास (कारणासारखी दिसणारी, पण खरी नसलेली कारणं) आहेत, त्यामुळे गेले तीन महिने डोक्यात तेच चालू आहे. आमची साडेतीन एकर डाळिंबाची बाग आहे. दोन बोअर घेतले होते, त्यातला एक आटला आणि दुसऱ्यात नुसता फुफाटा उडाला. आता वडील तिसरा घ्यायचा म्हणतात. चुलत्यांनी जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला आणलं. त्यानं तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान पालथं घातलं आणि एका जागी नारळ उभा राहिला.

त्या रात्री जेवताना विषय निघाला. चुलते म्हणाले, "शेजारच्या मळ्यात यानंच जागा दाखवली, दोन इंच पाणी लागलं." मी म्हटलं, हा काकतालीय दोष. आजी म्हणाली, "आपल्या घरात पाणाड्याशिवाय कधी विहीर खणली नाही." मी म्हटलं, हा परंपरेचा दोष. वडील म्हणाले, "दोन बोअरला एवढा पैसा घातला, आता थांबलो तर सगळा मातीत." मी म्हटलं, हा बुडीत खर्चाचा दोष. चुलतभाऊ म्हणाला, "सगळं गाव मानतं त्याला." मी विचारलं, सगळं गाव म्हणजे साडेचार हजार माणसं, प्रत्येकाला विचारलंस का? शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, हा सगळा अडाणीपणा आहे, तुमच्या बोलण्यात एकही धड कारण नाही, तिथं पाणी लागणारच नाही. चुलते म्हणाले, "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवणार का?" वडील ताटावरून उठले. पंधरा दिवस झाले, कामापुरतंच बोलतात. बोअरची गाडी दिवाळीनंतर येणार आहे.

माझं चुकलं कुठं? आणि दुसरं, पुस्तकापुस्तकांत दोषांच्या याद्या वेगळ्या आहेत. कुठला दोष कुठल्या खान्यात घालायचा, हे ओळखायची काही पद्धत आहे का?

तुमची एक वाचक

*

पोरी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण दिवाळी तोंडावर आली आहे. तू जे दोष ओळखलेस ते बहुतेक बरोबर होते. पण प्रत्येकाला त्याच्या दोषाचं नाव सांगून तू तिथंच थांबलीस. डॉक्टरनं रोगाचं लॅटिन नाव सांगावं आणि उठून जावं, तसं झालं ते. आजीला "परंपरेचा दोष" म्हटल्यावर तिला एवढंच कळलं, की नातीनं आपल्याला चूक ठरवलं. कारण आणि निष्कर्ष यांच्यामधली गाठ कुठं सैल आहे, हे तिला कळलंच नाही.

ती गाठ बघायची सवय लागली की खान्यांचा प्रश्नही पुष्कळसा सुटतो. म्हणून तुझ्या घरच्या नारळापासूनच सुरुवात करू.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, युक्तिवादाचे पाच अवयव सांगितलेत, ते तुला परीक्षेसाठी पाठ असतील: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पुस्तकात ते डोंगर, धूर आणि अग्नी यांवर शिकवतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं तर्कशास्त्र शिकवलं आणि मलाही आधी तो धूरच फळ्यावर काढायची सवय होती. पण मुलांच्या डोळ्यांत चमक यायची ती त्यांच्या घरातलं भांडण त्या पाच ओळींत मांडल्यावर. तर तुमच्या रानातला युक्तिवाद वहीत उतरवून बघ. इथं पाणी आहे, ही प्रतिज्ञा. कारण इथं नारळ उभा राहिला, हा हेतू. जिथं जिथं नारळ उभा राहतो तिथं तिथं पाणी असतं, जसा शेजारचा मळा, हे उदाहरण. इथंही नारळ तसाच उभा राहिला, हा उपनय. म्हणून इथं पाणी आहे, हे निगमन.

आता बघ, चुलत्यांनी पहिल्या दोन ओळी आणि शेजारचा मळा एवढंच बोलून दाखवलं. "जिथं जिथं नारळ, तिथं तिथं पाणी" हे वाक्य ते बोललेच नाहीत. ते गृहीत होतं. सगळा भार मात्र त्या न बोललेल्या वाक्यावर आहे. रोजच्या वादांत बहुधा असंच होतं, सैल गाठ न बोललेल्या वाक्यात लपलेली असते. ते वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं, तेही शांतपणे, की समोरचा माणूस पुष्कळदा आपणहूनच त्याच्याकडे नीट बघायला लागतो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. कोरडा गेलेला दुसरा बोअर कुणी दाखवलेल्या जागी घेतला होता? आजी म्हणते घरात पाणाड्याशिवाय खणलंच नाही, म्हणजे तिथंही कुणीतरी नारळ किंवा काठी घेऊन फिरलं असणार. तसं असेल तर तुला दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज नव्हती. नारळ उभा राहिला आणि पाणी लागलं, असा शेजारचा मळा. नारळ उभा राहिला आणि फुफाटा उडाला, असं तुमचंच रान. एकच हेतू पाण्याबरोबरही सापडतो आणि पाण्याच्या अभावाबरोबरही. याला आपल्याकडे सव्यभिचार म्हणतात. तू काकतालीय म्हणालीस, ते चूक नाही, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच ते सांगतं. पण सव्यभिचार हे नाव जास्त नेमकं आहे, कारण ते पुढची दिशा दाखवतं: दुसऱ्या बाजूचं उदाहरण शोध. तुझं उदाहरण घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि ते वडिलांच्या मनातही रोज सलत असणार.

हाच युक्तिवाद दुसऱ्या बाजूनंही तपासता येतो. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला? नाही, कुणी सडा टाकला असेल. तसंच, पाणी असेल तर नारळ उभा राहतो असं घटकाभर मानलं, तरी नारळ उभा राहिला म्हणून पाणी आहे असं होत नाही. तळहातावरच्या नारळाला हलवणाऱ्या दुसऱ्या गोष्टी आहेत. हाताच्या स्नायूंची बारीक हालचाल धरणाऱ्यालाही जाणवत नाही. पाणाडे फसवायलाच बसलेले असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही, कित्येकांचा स्वतःचा त्यावर प्रामाणिक विश्वास असतो. खरंखोटं बघायचं तर सोपं आहे. त्यानं एकदा दाखवलेली जागा खुणेनं लक्षात ठेवायची, मग त्याचे डोळे बांधून त्याच रानात पुन्हा फिरवायचं. नारळ पुन्हा त्याच जागी उभा राहतो का?

"याचा अंदाज आजवर कधी चुकला नाही" असंही तुझ्या कानावर आलं असेल. इथं दोष वेगळा आहे. कारण निष्कर्षाला बांधलेलं आहे की नाही हा प्रश्न पुढचा, आधी ते कारणच सिद्ध झालेलं नाही. याला असिद्ध म्हणतात. कुणी वही ठेवली होती का? लागलेल्या पाण्याची गोष्ट पारावर सांगितली जाते. कोरड्या बोअरची गोष्ट माणूस गिळून टाकतो, कारण त्यात पैसा गेलेला असतो आणि चारचौघांत मानही. समज, एखाद्या शिवारात डोळे मिटून दहा जागी बोअर घेतले तरी सहा ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग कुठलाही पाणाड्या दहातल्या सहा वेळा खरा ठरणारच. चांगला पाणाड्या तो, जो न विचारता घेतलेल्या बोअरपेक्षा जास्त वेळा खरा ठरेल. ही तुलना कुणीच केलेली नसते.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो आणि शेजारच्या मळ्याचं उदाहरण त्याच चालीचं आहे. ही म्हण खोटी नाही. भात एका भांड्यात, एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो, म्हणून एक शीत बोटानं दाबलं की सगळ्याचा अंदाज येतो. जमीन तशी एका भांड्यात शिजलेली नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत, झिजलेल्या मुरमाट थरात आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड पाषाणात ते नसतं. भेग शेजारच्या रानातून गेली आणि तुमच्या बांधाला वळली, की पन्नास फुटांवरचा बोअरही कोरडा जातो. तेव्हा एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल बोलणं दर वेळी दोष नसतो. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे एका भांड्यातले आहेत का, हे आधी बघायचं. माणसांच्या बाबतीत तर हे फारच जपून. "त्या गावची सून आणली आणि घर मोडलं" असली वाक्यं मी आयुष्यभर ऐकली आणि त्यापायी चांगली स्थळं मोडलेली पाहिली.

आता याद्यांचं. त्या वेगळ्या आहेत याची चिंता करू नकोस. ॲरिस्टॉटलनं तेरा दोष सांगितले आणि त्यांचे दोन गट केले, भाषेतून येणारे आणि भाषेबाहेरचे. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभास पाच आहेत, पण त्याशिवाय छल (समोरच्याच्या शब्दाचा अर्थ फिरवणं) तीन, जाती (वरवरच्या साम्यावरून दिलेली फसवी उत्तरं) चोवीस आणि निग्रहस्थानं (वादात हार ठरते त्या जागा) बावीस. सतराव्या शतकात अन्नंभट्टानं तर्कसंग्रह लिहिला, तोवर त्या पाचांची नावंही थोडी बदलली होती: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. परीक्षेत कुठली यादी विचारलीय ते प्रश्न वाचून ठरव. घरात मात्र यादी मनात ठेव आणि तोंडानं प्रश्न विचार.

प्रश्न मी असे विचारते. दिलेलं कारण मुळात खरं आहे का? खरं असेल तर निष्कर्ष त्याला घट्ट बांधलेला आहे का, की तेच कारण उलट निष्कर्षालाही चालेल? आणि कारण विषयाबद्दल आहे, की बोलणाऱ्या माणसाबद्दल? मधेच एखाद्या शब्दाचा अर्थ बदलला नाही ना, हेही कानानं टिपत राहायचं.

दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबते, कारण रोजचे बहुतेक दोष तिथंच सापडतात. "मुलगा फार शांत आहे, म्हणजे निर्व्यसनी असणार." शांत माणसं व्यसनी असतात आणि निर्व्यसनीही असतात. हा सव्यभिचार, नारळाचा सख्खा भाऊ. "या पट्ट्यात वीस बोअर झालेत, म्हणजे इथं पाणी भरपूर." हे ऐकायला पटतं, पण नीट बघ. वीस बोअर एकाच साठ्यातून उपसा करत असतील तर पाणी खाली गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दिलेलं कारण उलट्या बाजूनं बोलतंय. हा विरुद्ध. तुमचा पहिला बोअर का आटला, याचं उत्तर कदाचित इथंच असेल. सत्प्रतिपक्ष म्हणजे तितक्याच तोलाचं कारण उलट बाजूलाही उभं असणं. शहरात प्लॉट घ्यायचा की गावात घर बांधायचं, या वादात दोन्ही बाजूंची कारणं खरी असतात, पण नुसत्या त्यांच्यावर निर्णय होत नाही. बाधित सगळ्यांत सोपा, निष्कर्ष दुसऱ्या भक्कम पुराव्यानं आधीच खोडलेला असतो. पुस्तकात "अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे" असं उदाहरण देतात. हात लावला की वाद संपला.

आजीकडे येते. "आपल्या घरात असंच करतात" हे पाण्याबद्दलचं कारण नाही हे खरं. पण जुनं म्हणून खरं हा जसा दोष, तसाच जुनं म्हणून खोटं हाही. तुझ्या बोलण्यात दुसरा डोकावत होता. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली, त्यात दकार्गल नावाचं एक प्रकरणच आहे. कुठल्या झाडाजवळ, वारूळ कुठल्या बाजूला असलं तर किती खोल पाणी मिळेल, असे आडाखे त्यात दिलेत. त्यातले सगळे उतरतील असं नाही. पण झाडाच्या मुळांचा ओलीशी संबंध असतोच, म्हणून झाडावरून ओलीचा अंदाज बांधणं आणि नारळावरून बांधणं या दोन गोष्टी एका मापानं मोजायच्या नसतात. एका कारणात काहीतरी धागा आहे, तो किती मजबूत ते तपासता येतं. आजीला विचार, की तिच्या लहानपणी विहीर खणताना नारळाशिवाय आणखी काय काय बघायचे. उतार कुठला, उंबर कुठं, उन्हाळ्यात हिरवळ कुठं टिकते. तिला पुष्कळ माहीत असेल आणि त्यातलं काही खरंच उपयोगी निघेल.

आता वडील. "दोन बोअरला पैसा घातला, आता थांबलो तर मातीत." तू बुडीत खर्च म्हणालीस. हिशेबानं तू बरोबर आहेस. तिसरा बोअर घेतला काय आणि न घेतला काय, गेलेला पैसा परत येत नाही, आणि तिसऱ्यात पाणी लागण्याची शक्यता आधीच्या दोन बोअरनी तसूभरही वाढत नाही. पण हे वाक्य कुठून आलं ते बघ. डाळिंबाची झाडं काही एका हंगामाची नाहीत. ती वाळली तर बोअरचा पैसा तर जातोच, पण बाग लावल्यापासूनची सगळी वर्षं जातात. वडील कदाचित म्हणत होते, की बाग वाचवायला काहीतरी करायला हवं, हात बांधून बसवत नाही. तोंडातून निघाला तो बोअरचा हिशेब. माणूस पुष्कळदा खरं कारण न सांगता जवळ सापडेल ते कारण पुढं करतो.

माझ्या आईचं सांगते. तिला मोतीबिंदू झाला होता आणि ती ऑपरेशनला तयार होईना. कारण काय, तर चाळीतल्या एका बाईचा डोळा ऑपरेशननंतर बिघडला होता. मी तर्कशास्त्राची बाई, एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही हे तिला चार वेळा समजावलं. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच म्हणायची. आठवडा गेला. एका दुपारी ती गहू निवडत बसली होती, खडे दिसत नव्हते म्हणून बोटांनी चाचपत होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, "तुला भीती कशाची वाटते?" ती हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "डोळ्याला पट्टी असताना रात्री मला उठावं लागलं, तर कोण नेईल?" त्या आठ दिवसांत मी तिच्या ज्या युक्तिवादाशी भांडत होते, तो तिचा नव्हताच. मी तिच्या खोलीत झोपायला आले आणि पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं.

चुलत्यांचं "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवणार का" हे वाक्य तुला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. लागणारच. त्यात पाण्याबद्दल एक अक्षर नाही, सगळं तुझ्याबद्दल आहे. जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १६९० च्या आपल्या ग्रंथात माणसं एकमेकांना गप्प करायला ज्या युक्त्या वापरतात त्या सांगितल्या. त्यातली पहिली अशी, की मोठ्या मान्यतेच्या माणसाचं मत पुढं करायचं, म्हणजे विरोध करणाऱ्याला तो उद्धटपणा वाटेल आणि तो लाजेनं गप्प बसेल. तिला त्यानं जे लॅटिन नाव दिलं त्यात लाज, भीड, मर्यादा असाच अर्थ आहे. आजकालच्या पुस्तकांत त्याचं "अधिकाराचा दोष" होऊन बसलंय आणि ती लाज गळून गेली. आपल्या घरांत ती लाज अजून पुरेपूर आहे, मुलींच्या वाट्याला जास्त. म्हणून हे स्पष्ट सांगते, की त्या रात्री बोलण्याचा तुला अधिकार होता, बाग तुझीही आहे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं आणि त्यांचं कारण तपासून न बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण अशीच उलटतपासणी तुझीही करायला हवी, कारण तू प्रामाणिकपणे विचारलं आहेस.

चुलतभाऊ म्हणाला "सगळं गाव मानतं", तेव्हा तू साडेचार हजार माणसं मोजायला लागलीस. बहुसंख्य मानतात म्हणून खरं, हा त्याचा दोष तुला सहज दाखवता आला असता. तो सोडून तू त्याचा शब्द पकडलास. "सगळं गाव" म्हणजे पुष्कळ लोक, हे तुला कळत होतं. लाक्षणिक शब्द मुद्दाम अक्षरशः घ्यायचा, याला गौतमानं उपचारछल म्हटलंय. जुनं उदाहरण मचाणांचं आहे. "मचाणं ओरडतायत" असं कुणी म्हटलं तर ओरडतात ती मचाणावर बसलेली माणसं. त्यावर "लाकूड कसं ओरडेल?" असं विचारणारा काही जिंकत नाही, तो फक्त बोलणं तोडतो.

"अडाणीपणा" हा शब्द आणि चुलत्यांची "चार बुकं" यांत फरक शोधलास तर सापडणार नाही. दोन्ही वाक्यं माणसावर गेली.

आणि सगळ्यात मोठी चूक ती शेवटची: "तुमच्या बोलण्यात एकही धड कारण नाही, तिथं पाणी लागणारच नाही." पोरी, हे पहिल्यातून दुसरं कसं निघालं? कारण वाईट आहे एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. वाईट कारणानं दाखवलेल्या जागीही भेग असू शकते. उद्या तिथं दोन इंच पाणी लागलं तर काय होईल ते बघ. नारळाचा युक्तिवाद तेवढाच सैल राहील, पण तुझ्या घरात तो कायमचा सिद्ध होऊन बसेल आणि पुढच्या प्रत्येक वेळी तुझं तोंड बंद करायला वापरला जाईल. तुला इतकंच म्हणता येत होतं, की नारळामुळे आपल्याला तिथलं काहीही कळलेलं नाही, ना पाणी असल्याचं, ना नसल्याचं.

न्यायशास्त्रात बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची मोडत राहायची, ती वितंडा. मराठीत आपण वितंडवाद हा शब्द कुठल्याही निरर्थक भांडणाला वापरतो, पण मूळ व्याख्या फार धारदार आहे. ती वाचून त्या रात्रीकडे परत बघ. तू चौघांची बाजू मोडलीस. तुझी बाजू काय होती? बागेला पाणी कुठून आणायचं, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. वडील ताटावरून उठले ते कदाचित चुलत्यांच्या बोलण्यानं किंवा तुझ्या शब्दांनी नसेल. झाडं वाळतायत आणि लेक दोषांची नावं सांगते आहे, हे त्यांना सहन झालं नसेल.

म्हणून आता बाजू मांड. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय सोलापुरात आहे. बोअर घेण्याआधी तिथं जाऊन विचारता येतं. त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांतल्या पाण्याची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजतात, त्यामुळे तुमच्या भागात पाणी कितीनं खाली गेलंय ते कळेल. भूशास्त्राचे जाणकार जमिनीत वीज सोडून खडक तिला किती अडवतो ते मोजतात. ओलसर, भेगाळ खडक कमी अडवतो, अखंड कोरडा जास्त. त्यावरून कुठल्या जागी किती खोलीवर संधी बरी आहे, असं ते सांगतात. ती संधीच असते, खात्री नव्हे. त्यांनी दाखवलेले बोअरही कोरडे जातात. उद्या चुलतभाऊ "त्यांचंही चुकतं की" म्हणेल, तर त्याला हो म्हण. दोघंही चुकतात म्हणून दोघं सारखे ठरत नाहीत. किती वेळा चुकतात ते मोजायचं, आणि इथं निदान मोजायला नोंदी आहेत. चौकशीत असंही निघेल, की तिसरा बोअर नकोच, आटलेल्या बोअरमध्ये पावसाचं पाणी सोडून त्याचं पुनर्भरण करून बघावं किंवा तोच पैसा शेततळ्याच्या प्लास्टिक कागदात घालावा. तेही ऐकायची तयारी ठेव.

कार्यालयात एकटी जाऊ नकोस आणि निकाल घेऊन घरी येऊ नकोस. चुलत्यांना बरोबर ने. पाणाड्याची जागा खोडायची आहे असं म्हणू नकोस. तीही यादीत घाल, इतर दोन-तीन जागांबरोबर तिचंही मोजमाप होऊ दे. आजीनं सांगितलेली उंबराजवळची जागा असेल तर तीही.

पण त्याआधी एक काम. कार्यालयात पहिला प्रश्न येईल तो जुन्या बोअरचा. केसिंगचा पाइप किती फूट घातला, मुरूम कुठवर लागला, काळा पाषाण कुठून सुरू झाला, ओल किती फुटांवर दिसली, पहिला बोअर कुठल्या महिन्यापासून कमी यायला लागला. हे सगळं तुझ्या वडिलांना तोंडपाठ असणार, गाडी चालू असताना ते रात्रभर तिथंच उभे असतील. आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बस, "त्या रात्री मी जे बोलले त्याबद्दल वाईट वाटतं" एवढं म्हण, आणि पहिल्या बोअरपासून लिहून घ्यायला लाग.